एकोणपन्नास पूर्णांक ब्याऐंशी

या शनिवारचा विषय जरा ओला आहे. पोहण्यात ज्यांना फारसा रस नाही त्यांनीही थोडा धीर धरावा, कारण मला बोलायचंय ते पोहण्याइतकंच आकड्यांबद्दल. आपण आकड्यांवर किती पटकन विश्वास ठेवतो, आणि त्यामागचं 'कधी, कुठे, कुठल्या नियमाखाली' हे किती सहज विसरून जातो, त्याबद्दल.

आकडा आहे ४९.८२ सेकंद. १ ऑगस्ट २००९ ला रोममध्ये, फोरो इतालिकोच्या उघड्या तलावात, जागतिक जलतरण स्पर्धेतली पुरुषांची १०० मीटर बटरफ्लाय मायकल फेल्प्सने या वेळात जिंकली. हे अंतर पन्नास सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला माणूस. दुसरा माणूस त्याच शर्यतीत, त्याच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर होता. सर्बियाचा मिलोराद चाविच, ४९.९५. आणि तिसरा? तिसऱ्यासाठी जगाला आठ वर्षं वाट बघावी लागली! २०१७ साली बुडापेस्टमध्ये अमेरिकेचा केलेब ड्रेसेल ४९.८६ मध्ये पोहला, तेव्हा कुठे ती यादी दोनाची तीन झाली.

आता हे जरा विचित्र नाही का? इतकी वर्षं कोणी नाही, मग एकाच संध्याकाळी एकदम दोघं, आणि पुन्हा आठ वर्षं शुकशुकाट. कुठल्याही इंजिनिअरला असा आलेख दिसला की पहिला प्रश्न पडतो तो हाच, की त्या दिवशी सिस्टिममध्ये काय बदललं होतं?

बरंच काही बदललं होतं. पण क्रमाने जाऊ.

बटरफ्लाय हा प्रकारच मुळात नियमातल्या फटीतून जन्मला. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या काही मंडळींच्या लक्षात आलं की हात पाण्याखालूनच पुढे न्यायला हवेत असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मग हात पाण्यावरून फेकले तर? पाण्यापेक्षा हवेचा विरोध कितीतरी कमी, त्यामुळे वेग वाढला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपर्यंत ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीतले बहुतेक सगळे पुरुष असेच हात फेकत होते. म्हणजे नावाला ब्रेस्टस्ट्रोक, प्रत्यक्षात भलतंच काहीतरी. शेवटी जलतरणाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिनाने (२०२२ पासून तिचं नाव वर्ल्ड अ‍ॅक्वॅटिक्स), दोन्ही प्रकार वेगळे केले. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट फोर्क केला. जुना ब्रेस्टस्ट्रोक त्याच्या वाटेने गेला, नवा बटरफ्लाय त्याच्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला २०० मीटर बटरफ्लाय आली, आणि पुरुषांची १०० मीटर १९६८ ला. ही फोर्कची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शंभर मीटर बटरफ्लायची खरी गंमत तिच्या शेवटात आहे. दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावावे लागतात. फ्रीस्टाइलमध्ये एक हात लांब करून शेवटचे काही सेंटिमीटर चोरता येतात, इथे ती सोय नाही. हातांचा फेरा भिंतीशी नेमका जुळला तर उत्तम. नाही जुळला तर दोनच पर्याय उरतात. हात पुढे ताणून नुसतं घरंगळत जायचं, किंवा घाईघाईने आणखी एक अर्धा फेरा मारायचा. पन्नास सेकंद जिवाचं रान करून झाल्यावर, फुप्फुसं पेटलेली असताना, हा निर्णय क्षणार्धात घ्यायचा. आणि शर्यत तिथेच ठरते.

२००३ पासून या शर्यतीत जे चाललं होतं ते एखाद्या मालिकेपेक्षा कमी नव्हतं. त्या वर्षी बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या सेमीफायनलमध्ये युक्रेनच्या आंद्री सेर्दिनोवने ५१.७६ चा विश्वविक्रम केला. तो विक्रम टिकला काही मिनिटं! लगेच दुसऱ्या सेमीफायनलमध्ये फेल्प्स ५१.४७. दुसऱ्या दिवशी फायनलला दोघांनाही मागे टाकून इयान क्रॉकर ५०.९८. हा क्रॉकर फेल्प्सचाच अमेरिकन सहकारी. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये फेल्प्सने त्याला ०.०४ सेकंदाने हरवलं, २००५ ला माँट्रिआलमध्ये क्रॉकरने ५०.४० चा विश्वविक्रम करून सव्याज परतफेड केली, २००७ ला मेलबर्नमध्ये पुन्हा फेल्प्स, यावेळी ०.०५ ने. जवळपास प्रत्येक वेळी स्क्रिप्ट तीच. फेल्प्स पहिल्या पन्नास मीटरला मागे, वळल्यावर पाण्याखालून जोरदार लाथा, आणि भिंतीपाशी हिशोब चुकता.

१६ ऑगस्ट २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये क्रॉकरच्या जागी चाविच आला. जन्म कॅलिफोर्नियातला, आईवडील सर्बियन, पोहायचा सर्बियासाठी. (जागतिक जलतरण स्पर्धेची सुरुवातच मुळी १९७३ साली बेलग्रेडमध्ये झाली होती, त्यामुळे सर्बियाला या खेळाचं वावडं नाही.) पन्नास मीटरला चाविच पहिला, फेल्प्स सातवा, ०.६२ सेकंद मागे. शेवटी चाविच हात ताणून भिंतीकडे घरंगळत गेला, तर फेल्प्सने छोटासा जादा फेरा मारला. निकाल : फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. सेकंदाचा शंभरावा भाग! सरासरी वेगाने हिशोब केला तर दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाचं एक पेर. डोळ्यांना चाविच आधी पोचल्यासारखा दिसतो, पण टचपॅडला नुसता स्पर्श पुरत नाही, तो दाबला जावा लागतो. सर्बियाने तक्रार केली, पंचांनी चित्रफीत पाहिली, निकाल कायम राहिला. फेल्प्सचं त्या ऑलिम्पिकमधलं ते सातवं सुवर्ण. आठवं मिळालं आणि इतिहास झाला. चाविचच्या वाट्याला आलं ते एक पेर.

तर रोमची शर्यत ही त्या पेराची वसुली होती. सगळं जग तेवढ्यासाठीच बघत होतं. पण मधल्या एका वर्षात पाण्यात भलतंच काही घडलं होतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीने एलझेडआर रेसर नावाचा पोशाख बाजारात आणला. कापडावर पॉलियुरेथेनचे पट्टे चिकटवलेले, शिवण नाही, जोड अल्ट्रासॉनिक पद्धतीने सांधलेले, कापडाच्या चाचण्या नासाच्या मदतीने. शरीर इतकं आवळलं जायचं की अंगात चढवायलाच वीस-तीस मिनिटं लागायची. फायदा काय? पाण्याची घनता हवेच्या आठशेपट. त्यामुळे पोहण्यात बहुतेक सगळी ताकद पाण्याचा विरोध कापण्यात जाते. शरीर जितकं गुळगुळीत, आवळलेलं आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, तितका विरोध कमी. दमलेल्या माणसाची कंबर खाली बुडायला लागते आणि तिथेच वेग मरतो. हा पोशाख ती कंबर वर धरून ठेवायला मदत करायचा. बटरफ्लायमध्ये तर सगळा खेळ कंबरेच्या लाटेचाच! त्यामुळे शेवटच्या पंधरा मीटरला याचा अर्थ काय होतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

बीजिंगमध्ये २५ विश्वविक्रम झाले. मग बाकीच्या कंपन्या थोड्याच गप्प बसणार? स्पीडोने अर्धवट पॉलियुरेथेन वापरलं होतं, त्यांनी पूर्ण वापरलं. इटलीच्या जॅकेड आणि अरीना या कंपन्यांचे पोशाख म्हणजे अक्षरशः रबरी कातडं. पाणी आत शिरत नाही, हवा अडकून राहते, माणूस तरंगतो. वर्षभरात स्पीडोचा तो अवकाशयुगातला चमत्कार जुना माल ठरला. शस्त्रस्पर्धा ज्याने सुरू करावी त्यालाच ती महागात पडते, तसं झालं.

गंमत म्हणजे वेग, तरंगणं किंवा दम वाढवणारं कुठलंही साधन वापरायचं नाही असा नियम फिनाच्या पुस्तकात आधीपासून होता. प्रश्न एवढाच, की अंगावरचा कपडा हे 'साधन' आहे का? पुन्हा फट! १९३० च्या दशकात हाताच्या बाबतीत झालं तेच आता कपड्याच्या बाबतीत. फिनाने आधी काही पोशाख अडवले, मग सोडले. शेवटी २४ जुलै २००९ ला रोममध्येच भरलेल्या अधिवेशनात प्रचंड बहुमताने ठरलं की हे पोशाख बंद. पण कधीपासून? १ जानेवारी २०१० पासून! आणि पोहण्याच्या शर्यती सुरू होणार होत्या दोन दिवसांनी, २६ जुलैला. आमच्या धंद्यात याला डेप्रिकेटेड म्हणतात. म्हणजे वापरू नका असं सांगितलंय, पण चालतंय अजून. अशा वेळी लोक काय करतात? शेवटच्या दिवसापर्यंत वापरून घेतात.

त्या आठ दिवसांत रोममध्ये ४३ विश्वविक्रम झाले. पहिल्याच दिवशी जर्मनीच्या पाउल बीडरमानने ४०० मीटर फ्रीस्टाइल ३:४०.०७ मध्ये पोहून इयान थॉर्पचा २००२ चा ३:४०.०८ हा विक्रम मोडला. किती फरकाने, ते बघा. पुन्हा तोच शंभरावा भाग. दोन दिवसांनी २०० मीटरमध्ये त्याने फेल्प्सला सव्वा सेकंदाच्या आसपास अंतराने धुतला. बीडरमानच्या अंगावर अरीनाचा नवा पोशाख, फेल्प्सच्या अंगावर गेल्या वर्षीचा स्पीडो. फेल्प्सचा कोच बॉब बोमन भडकला आणि हा गोंधळ निस्तरेपर्यंत फेल्प्सला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरवणार नाही असं बोलून बसला. वर्षापूर्वी स्वतःकडे उत्तम पोशाख होता तेव्हा मात्र ही ओरड एवढ्या जोरात ऐकू आली नव्हती, हेही नमूद करायला हवं. नाहीतर आपण फेल्प्सचे भाट ठरायचो.

चाविच मात्र मजेत होता. त्याच्याकडे अरीनाचा नवा पोशाख होता. ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याने खिशात घातलं होतं, आणि १०० मीटरच्या सेमीफायनलमध्ये ५०.०१ चा विश्वविक्रम केला होता. त्याआधीचा विक्रम फेल्प्सचा, ५०.२२, तोही त्याच महिन्यातला. पोशाखावरची चर्चा ऐकून चाविचने पत्रकारांसमोर टोला हाणला. फेल्प्सला नवा पोशाख हवाच असेल तर मिळणं काही अवघड नाही, वेळ पडली तर मी घेऊन देतो, अशा अर्थाचं. फेल्प्सचा करार स्पीडोशी. त्याने पोशाख बदलला नाही.

आणि मग १ ऑगस्टची संध्याकाळ. चाविच बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. पन्नास मीटर २२.६९. फेल्प्स २३.३६. फरक ०.६७, म्हणजे बीजिंगपेक्षाही जास्त. या वेगाने माणूस शेवटपर्यंत टिकेल का, हा चाविचचा जुगार होता, आणि त्याच्या अंगावरचं रबर त्या जुगाराच्या बाजूने होतं. फेल्प्सने मात्र परतीचे पन्नास मीटर २६.४६ मध्ये कापले, चाविचने २७.२६ मध्ये. शेवटच्या काही मीटरमध्ये दोन निळ्याकाळ्या आकृती एका रेषेत आल्या, आणि यावेळी पेराचा वाद नव्हता. ०.१३ सेकंद. फेल्प्सने फलक बघितला, लेनच्या दोरीवर चढून बसला आणि अंगावरचा तो 'जुना' स्पीडो दोन्ही हातांनी ओढून ओढून दाखवत ओरडत राहिला. एरवी हा माणूस जिंकल्यावर फार आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हे. तिसरा आला स्पेनचा राफाएल मुन्योझ, ५०.४१ मध्ये. चार वर्षांपूर्वीच्या विश्वविक्रमाच्या तोडीची वेळ, आणि त्या दिवशी त्याला मिळालं कांस्य.

आता खरा प्रश्न. ४९.८२ मध्ये माणूस किती आणि पोशाख किती?

पाच महिन्यांनी नियम बदलला. पुरुषांना कंबरेपासून गुडघ्यापर्यंतच पोशाख, तोही विणलेल्या कापडाचा. रोलबॅक! आणि वेळा कशा घसरल्या बघा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फेल्प्सने हीच शर्यत जिंकली ५१.२१ मध्ये. रोमचा फेल्प्स आणि लंडनचा फेल्प्स शेजारच्या लेनमध्ये पोहले असते तर रोमवाला साधारण पावणेतीन मीटर पुढे असता. तीन वर्षांत माणूस इतका म्हातारा होत नाही. नव्या नियमाखाली फेल्प्सची सगळ्यात चांगली वेळ ५०.४५, ती २०१५ मधली. २०१६ ला रिओमध्ये सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगने ५०.३९ मध्ये सुवर्ण घेतलं, आणि फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ल क्लो आणि हंगेरीचा लास्लो चेह असे तिघं ५१.१४ वर बरोबरीत येऊन तिघांनी रौप्य वाटून घेतलं. ज्या शर्यतीत शंभराव्या भागाने नशीब ठरायचं, तिथे तो शंभरावा भागही तिघांना वेगळं करू शकला नाही!

फिनाने पोशाख बंद केले, पण विक्रमांच्या यादीला हात लावला नाही. कोड मागे नेला, डेटाबेस तसाच ठेवला. ना शेरा, ना तारांकन. याउलट भालाफेकीत काय झालं ते बघा. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला. मैदान अपुरं पडायची वेळ आली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याची रचना बदलली, तो लवकर खाली नाक खुपसू लागला, आणि विक्रमांची यादी नव्याने सुरू केली. म्हणून नीरज चोप्राच्या फेकीची तुलना कोणी होनच्या १०४.८० शी करत नाही. साधन वेगळं, म्हणून पाटी वेगळी.

म्हणजे फट सापडली की तीन मार्ग असतात. फोर्क करा, जसा बटरफ्लाय वेगळा केला. रीसेट करा, जसा भाला केला. किंवा रोलबॅक करून जुने आकडे तसेच ठेवा, जसं २०१० ला केलं. माझ्या मते तिसरा मार्ग सगळ्यात वाईट होता. त्यात अन्याय होतो तो पुढच्या पिढीवर. २०१० नंतर अठराव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरलेल्या पोराला भिंतीवर जो आकडा दिसायचा, तो गाठायला लागणारा पोशाखच त्याला घालायची बंदी होती. थॉर्पचा विक्रम एका शतांशाने मोडणारा बीडरमानचा ३:४०.०७ तर एप्रिल २०२५ पर्यंत टिकला. तो जर्मनीच्याच लुकास मेर्टेन्सने ३:३९.९६ मध्ये पोहून मोडला. तब्बल पावणेसोळा वर्षांनी.

एक गोष्ट मात्र बंदीच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. ते पोशाख पाचशे डॉलरच्या घरातले होते आणि थोड्याच शर्यतींत निकामी व्हायचे. ज्या देशांच्या जलतरण संघटनांकडे धड प्रवासखर्चाला पैसे नाहीत त्यांच्या मुलांनी काय करायचं? बंदीच्या पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, ग्वांगझोच्या एशियाडमध्ये आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. एशियाडच्या तलावात भारताला त्याआधीचं पदक १९८६ ला खजान सिंगने दिलं होतं, तेही बटरफ्लायमध्येच. वीरधवलचं पदक बंदीमुळे आलं असं अजिबात म्हणायचं नाही, ते त्याच्या मेहनतीचं आहे. पण त्या तलावात सगळ्यांच्या अंगावर साधं कापडच होतं, हे मला बरं वाटतं.

मग ४९.८२ चं काय करायचं? मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. विक्रम आणि शर्यत. विक्रम वेगवेगळ्या काळातल्या माणसांची तुलना करतो, म्हणून त्याला नियमांचं व्हर्जन चिकटलेलं असतं. ते न सांगता आकडा सांगणं म्हणजे मशीन कुठलं हे न सांगता बेंचमार्क सांगण्यासारखं आहे. शर्यत फक्त त्या संध्याकाळी त्या पाण्यात असलेल्या आठ जणांची तुलना करते. विक्रम म्हणून ४९.८२ बद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. शर्यत म्हणून मात्र ती निर्विवाद होती, कारण सरस पोशाख हरणाऱ्याकडे होता.

चाविचच्या ४९.९५ लाही हाच न्याय लावायला हवा, आणि तिथे मन जरा अडखळतं. पाठीच्या दुखण्याने त्याला २०१० मध्ये शस्त्रक्रियेपर्यंत नेलं. लंडनला तो परत आला, ५१.८१ मध्ये बरोबरीत चौथा आला, आणि थांबला. शंभर मीटर बटरफ्लायमध्ये ऑलिम्पिकचं किंवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. एकदा तो एका पेराने हरला, एकदा वीतभराने, आणि दोन्ही वेळा समोर एकच माणूस. त्याची वेळ पोशाखाची म्हणून सोडून दिली, तरी पहिल्या पन्नास मीटरला २२.६९ ने झोकून देण्याची हिंमत कुठल्याही रबरात मिळत नाही.

आणि आकड्याचं म्हणाल, तर त्याचाही निकाल शेवटी लागलाच. जुलै २०१९ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ड्रेसेलने सेमीफायनलमध्ये ४९.५० नोंदवली. कंबर ते गुडघा, साध्या कापडात. २०२१ मध्ये टोकियोत त्याने ४९.४५ केली, आणि त्याच्यामागे दुसरा आलेला हंगेरीचा क्रिश्तोफ मिलाकसुद्धा ४९.६८ मध्ये, म्हणजे रोमच्या फेल्प्सच्या पुढे होता. रबराने २००९ मध्ये जे उसनं दिलं होतं ते माणसांनी दहा वर्षांत सराव करून, पाण्याखालच्या लाथा सुधारून, स्वतःच्या कमाईतून फेडलं. तोवर ती पाटी उगाचच भिंतीवर टांगलेली होती, असं आता म्हणवत नाही.

कधी वेळ मिळाला तर बीजिंग आणि रोम, दोन्ही शर्यतींची शेवटची पंधरा मीटर लागोपाठ बघा. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे न बघता, फक्त चाविचच्या हातांकडे बघत.